पत कुणाची, जामीन कोण?

दलित साहित्याच्या समीक्षेने आजवर कथा, कविता आणि आत्मकथने तपासली. व्यवस्थेचे करारनामे, हमीपत्रे आणि धोरणपुस्तिका तपासण्याचे काम मात्र तिने अर्थतज्ज्ञांवर आणि वकिलांवर सोडून दिले. ही वाटणी मला मान्य नाही. ज्या मजकुरामुळे गावे उठतात तो मजकूरही वाङ्मयच होय. त्यालाही निवेदक असतो, पात्रे असतात, वगळलेली पात्रे असतात, आणि एक पक्की मूल्यव्यवस्था असते. बाबासाहेबांनी मनुस्मृतीकडे केवळ धर्मग्रंथ म्हणून पाहिले नाही, विषमतेचा कायदा म्हणून पाहिले. तीच दृष्टी मी येथे एका वेगळ्या कायद्याला लावू इच्छितो. त्या कायद्याचे कर्ते ब्राह्मण नाहीत, बँकर आहेत. आणि त्याची भाषा संस्कृत नाही, इंग्रजी आहे.

विषय निर्यात-पत संस्थांचा आहे. श्रीमंत देशातली कंपनी गरीब देशाला यंत्रे विकते किंवा तेथे प्रकल्प उभारते. खाजगी बँकेला भीती वाटते की पैसे बुडतील. मग त्या कंपनीचे सरकार मध्ये पडते. ते स्वतः कर्ज देते, दुसऱ्याच्या कर्जाला हमी देते किंवा विमा उतरवते. खरेदीदाराने पैसे थकवले तर ही संस्था आपल्या कंपनीची भरपाई करते आणि मग खरेदीदार देशाच्या सरकारकडे वसुलीला जाते. ब्रिटनने अशी संस्था १९१९ साली काढली. अमेरिकेची निर्यात-आयात बँक १९३४ ची. परदेशी गुंतवणुकीला विमा देणारी ओपिक ही तिची धाकटी बहीण १९७१ पासून कामाला लागली. भारतही मागे नाही. आपली निर्यात-विमा संस्था १९५७ ची आणि निर्यात-आयात बँक १९८२ ची. या दोन्हींची मुख्य कार्यालये मुंबईत आहेत. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुढे येणारच आहे.

‘पतसंस्था’ म्हटले की आपल्याकडे तालुक्याच्या बाजारपेठेतली, पानठेल्यावरून रोजची वसुली नेणारी संस्था डोळ्यांपुढे येते. तिचा आणि हिचा संबंध फक्त शब्दापुरता. पण ‘पत’ हा शब्द मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. मराठीत पत म्हणजे कर्ज मिळण्याची लायकी आणि पत म्हणजे अब्रूही. ज्याची पत नाही त्याला कुणी उधार देत नाही आणि कुणी बसायलाही सांगत नाही. आमच्या वर्ध्याच्या अभ्यासवर्गात दाभोळचे कागद वाचत असताना मी प्रतिहमी म्हणजे काय ते समजावून सांगत होतो : वीजमंडळाने पैसे दिले नाहीत तर महाराष्ट्र सरकार देईल, महाराष्ट्र सरकारनेही दिले नाहीत तर भारत सरकार देईल. मागच्या बाकावर बसलेला एक प्रौढ शेतमजूर म्हणाला, “आमाले म्हशीच्या कर्जापाई दोन जामीनदार मांगते, अन् याले तं दोन सरकारंच भेटले!” माझ्या तासाभराच्या विवेचनापेक्षा या एका वाक्यात जास्त अर्थशास्त्र होते. मागासवर्गीय तरुण कर्जाचा अर्ज घेऊन जातो तेव्हा त्याला नोकरदार जामीनदार आणायला सांगतात. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी नोकरदार नाही त्याने जामीनदार आणावा कोठून? जगातल्या बलाढ्य कंपन्यांना मात्र जामीनदार शोधावा लागत नाही. जामीनदार त्यांच्या दारात येतो, आणि तो जामीनदार म्हणजे तुम्ही-आम्ही असतो.

हा प्रकार नवा नाही आणि वर्ध्याच्या माणसाला तर तो मुळीच नवा वाटू नये. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी १८४९ साली करार झाला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली. रेल्वेला नफा झाला नाही तरी विलायतेतल्या भागधारकाला पाच टक्के मिळणार, आणि ते हिंदुस्थानच्या महसुलातून मिळणार. ती रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. वाटेत पालकवाडीच्या जागी वर्धा हे शहर १८६६ साली वसवले गेले होते. पुढे हिंगणघाटच्या कापसाच्या आणि वरोऱ्याच्या कोळशाच्या ओढीने वर्ध्याहून दक्षिणेकडे फाटा निघाला. म्हणजे ज्या शहरात बसून मी हे लिहितो ते शहरच एका सरकारी हमीचे अपत्य आहे. नफा खाजगी आणि धोका रयतेचा, हे सूत्र दादाभाई नौरोजींच्या पिढीने ओळखले होते. फक्त त्या हमीचा भार शेवटी कोणत्या जातीच्या पाठीवर उतरतो हा प्रश्न त्या पिढीने विचारला नाही.

आता दाभोळ. नावापासूनच सुरुवात करू. दाभोळ हे बंदर वाशिष्ठी नदीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्प उभा राहिला तो दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ. ज्या गावांची जमीन गेली त्यांचे नाव कंपनीला मिळाले नाही. नकाशावर जे नाव ठळक होते ते घेतले गेले. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांना गावाचे नाव मिळते पण गावात जागा मिळत नाही, हा आपला अनुभव आहे. येथे उलटे झाले : जागा एका गावाची, नाव दुसऱ्याचे.

एन्रॉनचे लोक १९९२ च्या जूनमध्ये भारतात आले आणि काही दिवसांतच, २० जूनला, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या. एन्रॉनच्या जोडीला जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल होत्या. एकीने यंत्रे पुरवायची, दुसरीने बांधकाम करायचे. १९९३ च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने कळवले की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही, आणि पैसे द्यायला नकार दिला. जागतिक बँक काही गरिबांची कैवारी नव्हे. तिनेसुद्धा जेथे हात आखडला तेथे निर्यात-पत संस्थांनी हात पुढे केला. १९९३ च्या डिसेंबरमध्ये वीजखरेदीचा करार झाला, १९९४ साली राज्याची हमी आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी आली. १९९५ च्या आरंभी अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेने सुमारे ३० कोटी डॉलरच्या कर्जाला आधार दिला, ओपिकने १० कोटींचे कर्ज आणि वर राजकीय धोक्याचा विमा दिला. दुसऱ्या टप्प्याला १९९९ साली जपानची निर्यात-आयात बँक आणि बेल्जियमची तशीच संस्था धावून आली.

‘राजकीय धोका’ हा शब्दप्रयोग जरा बारकाईने पाहा. कंपनीच्या दृष्टीने राजकीय धोका म्हणजे काय? सरकार बदलणे, करार रद्द होणे, लोकांनी विरोध करणे. ज्याला आपण लोकशाही म्हणतो त्याचे विम्याच्या भाषेतले नाव ‘धोका’ असे आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये युतीच्या सरकारने करार रद्द केल्याची घोषणा केली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने त्याआधीच, जूनमध्ये, इशारा दिला होता की करार मोडला तर इतर प्रकल्पही धोक्यात येतील. १९९६ च्या जानेवारीत तेच सरकार नव्या अटींवर त्याच कंपनीला परत बोलावून मोकळे झाले, आणि दुसरा टप्पाही त्यात बांधला गेला. केंद्रातल्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने २७ मे १९९६ रोजी, विश्वासदर्शक ठराव संकटात असताना, प्रतिहमीला मान्यता दिली. अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करणाऱ्यांनी कशी कोलांटी मारली याची चर्चा खूप झाली आहे, मी तीत वेळ घालवत नाही. दिल्लीतले अमेरिकेचे राजदूत फ्रँक विस्नर निवृत्तीनंतर १९९७ साली एन्रॉनच्याच एका तेल-वायू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले, एवढी नोंद पुरे.

मला वेळ घालवायचा आहे तो वेलदूरला. वेलदूर हे प्रकल्पाशेजारचे मच्छीमारांचे गाव. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस त्या वस्तीत शिरले. पुरुष समुद्रावर गेले होते. स्त्रियांना घरांतून ओढून बाहेर काढले, मारले, गाड्यांत घातले. हे मी ऐकीव सांगत नाही. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या जानेवारीत हे प्रसिद्ध केले आहे. ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे. प्रकल्पाच्या रक्षणासाठी नेमलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. सरकारी पोलीस, खाजगी पगार आणि परदेशी सरकारचा विमा. या तिन्हींच्या समोर उभी आहे ती मासे विकून संसार चालवणारी बाई. अमेरिकन सरकारने या कंपन्यांसाठी रदबदली केली आणि पैसा पुरवला, म्हणून त्या सरकारवरही जबाबदारी येते, असे त्या अहवालाने स्पष्ट मांडले. ओपिकच्या मूळ कायद्यातच मानवी हक्कांचा विचार करण्याची तरतूद होती. ती कागदावर जागी होती. वेलदूरच्या त्या पहाटे मात्र तिला जाग आली नाही.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. पहिला टप्पा १९९९ च्या मेमध्ये सुरू झाला. वीज घ्या अगर न घ्या, स्थिर आकार भरावाच लागेल अशी अट असल्यामुळे मंडळाला स्वतःची स्वस्त वीज कमी करून दाभोळची महाग वीज घ्यावी लागली. चंद्रपूर आणि कोराडीच्या चिमण्यांखाली आमचा विदर्भ राख खातो, आणि तेथली वीज मागे सारून कोकणातल्या नाफ्त्याची वीज विकत घ्यायची! २००० साली त्या विजेचा भाव एककाला सात रुपयांच्या वर गेल्याचे आकडे छापून आले. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने या कराराचे गणित आधीच मांडून दाखवले होते. अभय मेहता यांच्या २००० सालच्या ‘पॉवर प्ले’ या इंग्रजी पुस्तकात कराराची आतली कागदपत्रे आली. माधव गोडबोले समितीने २००१ च्या एप्रिलमध्ये निर्णयप्रक्रियेवर कडक ठपका ठेवला. मे २००१ अखेर प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोर झाली. ओपिकने विम्याचे पैसे मोजले आणि ते वसूल करण्यासाठी भारत सरकारशी लवादात उतरली. २००५ साली तडजोड झाली. प्रकल्प सार्वजनिक क्षेत्राच्या पदरात घातला गेला. भारतीय बँकांचा पैसा अडकला तो वेगळाच. त्याच वर्षी वीजमंडळाचेही तुकडे झाले. मंडळाच्या दुरवस्थेचे एकमेव कारण दाभोळ होते असे मी म्हणणार नाही, गळती आणि चोरी यांचा हिशेबही मोठा आहे. पण ज्यांनी हमी घेतली होती त्यांचे पैसे चुकते झाले आणि ज्यांनी कधी सही केली नव्हती त्यांनी ते चुकते केले, हे विसरता येत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या झोपडीतला एक दिवाही त्या जामिनात होता.

आता ज्याला मी समीक्षा म्हणतो तिच्याकडे येतो. दाभोळसारखी प्रकरणे जगभर झाली. इंडोनेशियात झाली, तुर्कस्थानात धरणांवरून झाली. ओरड वाढली तेव्हा या संस्थांनी सामाजिक आणि पर्यावरणीय उत्तरदायित्वाची धोरणे लिहिली. श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २००३ साली समान दंडक ठरवले आणि २०१२ साली सुधारले. जपानच्या बँकेचे नियम आणि तक्रार तपासणारे परीक्षक २००३ च्या ऑक्टोबरपासून आले. ओपिकचे उत्तरदायित्व कार्यालय २००५ साली निघाले. दाभोळच्या दृष्टीने हे सगळे वरातीमागून घोडे. तरीही घोडे कसले आहे ते पाहायला हवे.

पहिली गोष्ट या मजकुराच्या व्याकरणाची. त्यांत कर्ता नसतो. लोक ‘स्थलांतरित होतात’, परिणाम ‘संभवतात’, धोके ‘कमी केले जातात’. कोण हलवतो, कोण मारतो, कोण कमी करतो, याचा पत्ता वाक्यात सापडत नाही. आपल्या तहसील कचेरीतली ‘करण्यात येत आहे’ ही मराठी याच घराण्यातली. एका विद्यार्थिनीने असे एक पान घेऊन प्रत्येक वाक्याला कर्ता जोडण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक ठिकाणी कंपनीचे, बँकेचे किंवा सरकारचे नाव घातल्यावर ते धोरण राहिले नाही, फिर्याद झाली.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. या संस्था आज ज्या मानकांचा आधार घेतात ती जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाची आठ मानके आहेत. पाचवे मानक जमीन आणि विस्थापनाचे. त्यात विस्थापितांच्या तीन पायऱ्या आहेत : ज्यांचा जमिनीवर कायदेशीर हक्क आहे ते, ज्यांचा हक्क नोंदलेला नाही पण मान्य होऊ शकतो ते, आणि ज्यांचा कोणताही मान्य हक्क नाही ते. तिसऱ्या पायरीवरच्यांना घरासाठी साहाय्य आहे, झोपडीची आणि झाडाची किंमत आहे. जमिनीची भरपाई नाही. हे आपल्या जुन्या भूसंपादन कायद्यापेक्षा पुढचे पाऊल आहे, हे मान्य केले पाहिजे. १८९४ च्या कायद्याला तर भूमिहीन दिसतच नव्हता. तो दिसायला आपल्याला २०१३ चा कायदा यावा लागला, आणि त्यातही तीन वर्षे त्याच भागात राबल्याचे सिद्ध करावे लागते. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. तिसऱ्या पायरीवर माणूस का आहे? त्याच्या नावाचा सातबारा का नाही? शेकडो वर्षे त्याच जमिनीत राबूनही ती त्याची का झाली नाही? रत्नागिरी जिल्ह्यात याचे उत्तर खोती हे आहे. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याच भूमीसाठी. दाभोळच्या दापोली तालुक्यात ते लहानपणी काही काळ राहिलेही होते. मानक मात्र इतिहास विचारत नाही. ते सर्वेक्षणाच्या दिवशीची पायरी मोजते आणि त्या दिवसाची विषमता ‘आधाररेषा’ म्हणून कायम करते. पूर्वीची स्थिती पुन्हा मिळवून देणे हे पुनर्वसनाचे किमान उद्दिष्ट मानले जाते. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्याची पूर्वीची स्थिती परत मिळवून देणे, हे उद्दिष्ट होऊच कसे शकते?

सातव्या मानकात आदिवासींसाठी स्वतंत्र विचार आहे. त्यासाठी जगभरच्या आदिवासींनी लढा दिला आहे. जातीसाठी स्वतंत्र मानक नाही. वंचित गटांच्या लांब यादीत वंश, धर्म, लिंग, जन्म असे शब्द येतात आणि ‘जन्म’ या शब्दाखाली आपण स्वतःला शोधून घ्यायचे. गावाची जनसुनावणी बोलावली की मंडपात खुर्चीवर कोण बसते, बोलते कोण आणि मागे उभे कोण राहते, हे ज्याला माहीत नाही त्याने ‘समुदायाशी सल्लामसलत झाली’ असे लिहावे! समुदाय नावाची एकसंध वस्तू भारतीय खेड्यात नसते. (दाभोळच्या वेळी तर जनसुनावणीचीच सक्ती नव्हती. ती १९९७ च्या एप्रिलमध्ये आली.) समुद्राला सातबारा नसतो, म्हणून वेलदूरचा मच्छीमारही हिशेबाबाहेर. जमीन नसलेले आणि समुद्र असलेले, दोघेही एकाच रकान्यात : निरंक.

येथे मला आपल्या बाजूच्या लोकांशीही भांडले पाहिजे. एन्रॉनविरोधात मराठीत जे ललित लेखन झाले त्यातले बरेचसे आंबा, नारळ, निळा समुद्र आणि शांत खेडे यांच्या शोकात रमले. ते खेडे कुणासाठी शांत होते? वर्ध्यात हा प्रश्न अधिक टोचतो, कारण शहरापासून काही कोसांवर सेवाग्राम आहे आणि स्वयंपूर्ण खेड्याचे स्वप्न येथूनच देशभर गेले. त्या परंपरेतल्या माणसांनी दाभोळच्या विरोधात तुरुंगवास सोसला आहे, त्यांचा मी आदर करतो. पण आमचा विरोध त्यांच्या विरोधासारखा नाही. आम्हाला वीज हवी. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये मजूरमंत्री म्हणून वीजविकासाच्या समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी औद्योगिकीकरण हाच दारिद्र्यातून सुटण्याचा मार्ग सांगितला, त्यासाठी स्वस्त आणि मुबलक वीज हवी असे मांडले, आणि मालकी सरकारची की खाजगी हा प्रश्न अगदी आरंभी घेतला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत ही मागणी त्यांनी घटनेच्या कलमात बसवून दाखवली. दाभोळमध्ये नेमके याच्या उलट घडले. वीज स्वस्त नव्हती, मालकी लोकांची नव्हती. लोकांचा होता तो फक्त जामीन. म्हणून आमची टीका यंत्रावर नाही, यंत्राच्या करारावर आहे. ज्यांना खेडे जसे होते तसे राखायचे आहे त्यांच्याबरोबर आम्ही मोर्चात चालू, पण घोषणा आमची वेगळी राहील.

उत्तरदायित्वाच्या यंत्रणा काय देतात? बहुतेक ठिकाणी त्या एवढेच तपासतात की संस्थेने स्वतःचे नियम स्वतः पाळले की नाही. भरपाईचा हुकूम त्यांच्या हातात नसतो. कच्छमधल्या मुंद्रा येथील टाटांच्या औष्णिक प्रकल्पाचे उदाहरण घ्या. त्या प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे कर्ज होते, आणि बाष्पके कोरियाची असल्यामुळे कोरियाच्या निर्यात-आयात बँकेचेही होते. महामंडळाच्या तपासनिसांनी मच्छीमारांच्या बाजूने दोष दाखवले, पण पुढे काही हलले नाही. मच्छीमार अमेरिकेच्या न्यायालयात गेले. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा संस्थांना सर्वस्वी मुभा नाही. देशोदेशी आनंद झाला. पुढे खालच्या न्यायालयांनी, घडले ते भारतात घडले, अशा अर्थाने दावा बाहेर काढला आणि २०२२ साली तो दरवाजा बंद झाला. त्या मुंद्र्याची वीज महाराष्ट्रही घेतो. म्हणजे वर्ध्याच्या दिव्यात कच्छचा समुद्रही जळतो, आणि त्याचे उत्तर मागायला जावे तर वॉशिंग्टनला.

तरी मी या यंत्रणांना निरुपयोगी म्हणणार नाही. नर्मदेवरच्या महेश्वर धरणाच्या वेळी लोकांनी जर्मनीत जाऊन जाब विचारला, तेथल्या सरकारला २००० साली स्वतंत्र पाहणी करावी लागली, आणि जर्मन हमीचा आधार त्या धरणाला मिळाला नाही. कागदातला शब्द हा अर्धा हक्क असतो. उरलेला अर्धा रस्त्यावर मिळवावा लागतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता, चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साल उजाडावे लागले.

राहिला आपल्या देशाचा प्रश्न, आणि येथे आपल्या चळवळीचे मौन मला अस्वस्थ करते. आपण अजूनही स्वतःला केवळ घेणारे समजतो. भारताची निर्यात-आयात बँक आता देणारी आहे. बांगलादेशात सुंदरबनाजवळ रामपाल येथे १३२० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प झाला. यंत्रे भेलची, आणि २०१७ साली १६० कोटी डॉलरचे कर्ज या आपल्या बँकेचे. युनेस्कोच्या पाहणीने २०१६ साली तो प्रकल्प तेथून हलवावा असे सांगितले होते. तो तेथेच उभा राहिला आणि २०२२ च्या अखेरीस सुरूही झाला. वर सांगितलेले श्रीमंत देशांचे दंडक भारताला लागू नाहीत, कारण भारत त्या संघटनेचा सभासद नाही. दाभोळमध्ये जे आपल्याला झाले ते दुसऱ्याला करताना आपल्या बँकेवर तेवढेही बंधन नसावे? आमच्या जिल्ह्यात मांडव्याला लॅन्को कंपनीचा, योगायोगाने तेवढ्याच १३२० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहता राहता थांबला आणि मूळ कंपनी २०१७ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. तेथेही सरकारी वित्तसंस्थांचाच पैसा होता. देशात एक आणि देशाबाहेर एक अशी दोन नीती या संस्थांकडे नाहीत. दोन्हीकडे उत्तर न देणे हीच नीती आहे.

रामपाल हे जुन्या खुलना जिल्ह्यातले. तो सगळा टापू नामशूद्रांचा. १९४६ साली मुंबई प्रांतातून घटनासमितीची वाट काँग्रेसने बंद केली, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या विधिमंडळातले त्यांचे सहकारी पुढे आले आणि त्यांच्या मतांवर बाबासाहेब घटनासमितीत गेले. ज्या मातीने आपल्याला घटनाकार दिला त्या मातीवर आपल्या पैशाने काय उभे राहिले, हे विचारण्याचा हक्क आणि ते विचारण्याचे कर्तव्य आपल्याइतके कुणाचेच नाही.

आमच्या अभ्यासवर्गाने माहितीच्या अधिकाराखाली मुंबईच्या त्या बँकेला पाठवायचा अर्ज तयार केला आहे. २००५ च्या कायद्याने अर्ज प्रदेशाच्या भाषेत करता येतो, म्हणून तो मराठीत आहे, आणि प्रत्येक वाक्याला कर्ता आहे. रामपालचे कर्ज मंजूर करताना बँकेने कोणती सामाजिक पाहणी मागवली? त्या पाहणीत भूमिहीनांची गणना कुणी केली? मच्छीमारांची कुणी केली? जातवार माहिती बँकेने मागितली का? तक्रार आली तर बँकेतला कोणता अधिकारी ती ऐकतो, आणि बांगला भाषेत लिहिलेली तक्रार तो वाचू शकतो का? कर्ज बुडाले तर कुणाचा पैसा जाईल? ज्या गटांना असे अर्ज आपापल्या जिल्ह्यांतून पाठवायचे असतील त्यांनी हेच प्रश्न घ्यावेत, त्यांत आपली भर घालावी आणि आलेली उत्तरे या पानांवर छापायला पाठवावीत.